टर्बो गाडीचा ‘बूस्ट’ किती वाढवावा?

इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोलरची निवड, बसवणी आणि जुळणी

बारामतीहून इंदापूरच्या दिशेने निघाल्यावर काही किलोमीटरवर काटेवाडी लागते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी या रस्त्यावर ‘टर्बो’ हा शब्द प्रामुख्याने ट्रक आणि मोठ्या जीपगाड्यांच्या संदर्भात ऐकू येई. आता मोठ्या डिझेल गाड्यांपासून छोट्या पेट्रोल मोटारींपर्यंत अनेक वाहनांच्या इंजिनाला टर्बोचार्जर असतो. साहजिकच ‘बूस्ट वाढवून घ्या, गाडी उडेल’ हा सल्लाही सहज मिळतो. हा बूस्ट वाढवण्याचे एक साधन म्हणजे इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोलर. ते उपकरण नेमके काय करते, कोणत्या गाडीला चालते आणि कोणत्या गाडीला चालत नाही, हे समजून न घेता पैसे मोजणे म्हणजे सुस्थितीतील इंजिन पणाला लावणे होय.

टर्बो आणि वेस्टगेट

इंजिनात इंधन जाळण्यासाठी हवा लागते. साधे इंजिन पिस्टनच्या ओढीवर जेवढी हवा आत येईल तेवढीच घेते. टर्बोचार्जरमध्ये एक्झॉस्टमधून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर एक चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरील दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. आजच्या छोट्या मोटारीतील टर्बोचे चक्र मिनिटाला दोन लाखांहून अधिक फेरे घेऊ शकते. वातावरणाच्या दाबाच्या वर टर्बो जेवढा जादा दाब निर्माण करतो, त्याला ‘बूस्ट’ म्हणतात. तो बार, पीएसआय किंवा किलोपास्कल या एककांत मोजतात. एक बार म्हणजे १०० किलोपास्कल, अर्थात सुमारे १४.५ पीएसआय.

हा दाब आपोआप थांबत नाही. अधिक हवा गेली, की अधिक इंधन जळते, अधिक एक्झॉस्ट निघतो आणि टर्बो आणखी जोरात फिरतो. या चक्राला लगाम घालण्यासाठी ‘वेस्टगेट’ नावाची झडप असते. ती उघडली, की काही एक्झॉस्ट टर्बोच्या चक्राला वळसा घालून थेट बाहेर पडतो. झडप उघडण्याचे काम एका डबीतील पडदा आणि स्प्रिंग करतात. टर्बोच्या मुखापासून एक बारीक नळी या डबीला जोडलेली असते. बूस्ट ठराविक मर्यादेला पोहोचला, की पडदा स्प्रिंगवर मात करतो आणि झडप उघडते. स्प्रिंग ०.५ बारची असेल, तर बूस्टही साधारण ०.५ बारवर स्थिरावतो. हा झाला ‘मूळ बूस्ट’. पुढचे सारे गणित याच आकड्यापासून सुरू होते.

कंट्रोलर काय करतो?

बूस्ट कंट्रोलर टर्बोला कोणतीही जादा शक्ती देत नाही. तो वेस्टगेटच्या डबीला जाणारा दाबाचा निरोप अडवतो किंवा कमी करून पोहोचवतो, एवढेच त्याचे काम. डबीला दाब प्रत्यक्षाहून कमी भासतो, झडप उशिरा उघडते आणि तेवढ्या वेळात बूस्ट वाढतो.

हे काम साध्या हाताने फिरवण्याच्या झडपेनेही होते. गोळी आणि स्प्रिंग असलेली अशी झडप स्वस्त असते. परंतु ती एकदा जुळवली, की सर्व गिअरमध्ये आणि सर्व ऋतूंत तीच जुळणी राहते. दाब मर्यादेबाहेर गेला, तर त्याला आवर घालण्याची सोयही तिच्यात नसते. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरमध्ये विजेवर चालणारी सोलेनॉइड झडप, दाब मोजणारा सेन्सर आणि या दोहोंमध्ये निर्णय घेणारा छोटा संगणक असतो. सोलेनॉइड सेकंदाला साधारण २० ते ४० वेळा उघडझाप करते. प्रत्येक आवर्तनात ती किती टक्के वेळ चालू राहते, याला ‘ड्यूटी सायकल’ म्हणतात. नेहमीच्या जोडणीत ड्यूटी शून्य असेल, तर पूर्ण दाब डबीला पोहोचतो आणि केवळ मूळ बूस्ट मिळतो. ड्यूटी शंभर टक्के झाली, तर डबीला काहीच कळत नाही आणि बूस्टला जवळजवळ धरबंद उरत नाही. उत्तम जुळणी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते.

एकच इंजिन, दोन ताकदी

बूस्ट आणि ताकद यांचे नाते समजण्यासाठी पुणे जिल्ह्यातलेच उदाहरण पुरेसे आहे. शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या कारखान्यात तयार झालेली फियाट लिनिया टी-जेट २०१० मध्ये बाजारात आली. तिचे १.४ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन ११४ अश्वशक्तीचे होते आणि कमाल टॉर्क २०७ न्यूटन-मीटर होता. २०१५ मध्ये त्याच कारखान्यातून अबार्थ पुंटो बाहेर पडली. तिच्यात याच कुळातील १.४ लिटरचे इंजिन होते, पण ताकद १४५ अश्वशक्ती आणि टॉर्क २१२ न्यूटन-मीटर. बीएस-६ निकष लागू होण्यापूर्वीच या गाड्यांचे उत्पादन थांबले असले, तरी टर्बोच्या चाहत्यांमध्ये त्यांची चर्चा आजही होते.

या आकड्यांतील गंमत पाहण्याजोगी आहे. कमाल टॉर्क जेमतेम पाच न्यूटन-मीटरने वाढला, तरी ताकद मात्र ३१ अश्वशक्तीने वाढली. ताकद म्हणजे टॉर्क आणि फेरे यांचा गुणाकार. लिनियाची कमाल ताकद ५,००० फेऱ्यांवर मिळे. त्या वेळी तिचा टॉर्क हिशेबाने सुमारे १६० न्यूटन-मीटरवर उतरलेला असतो. अबार्थ ५,५०० फेऱ्यांवरही सुमारे १८५ न्यूटन-मीटर राखते. म्हणजे मोठा फरक पडला तो कमाल जोरात नव्हे, तर वरच्या फेऱ्यांवर जोर टिकवून धरण्यात. ‘बूस्ट किती’ यापेक्षा ‘कोणत्या फेऱ्यांवर किती बूस्ट’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. हाताच्या झडपेपेक्षा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर सरस ठरतो तो याच ठिकाणी.

मात्र अशी वाढ कोणतीही कंपनी केवळ एक झडप बदलून करीत नाही. इंधन, ठिणगीची वेळ आणि बूस्ट यांचा मेळ इंजिनाच्या संगणकात एकत्र घातला जातो. साध्या पुंटोच्या मानाने अबार्थला चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि खाली बसवलेले सस्पेन्शनही मिळाले होते. वाढीव ताकदीचा हा उरलेला खर्च गॅरेजमधील हिशेबात अनेकदा येतच नाही.

आपल्या गाडीला तो चालेल का?

खरेदीपूर्वी विचारण्याचा पहिला प्रश्न हाच. अलीकडच्या बहुतेक टर्बो पेट्रोल मोटारींत बूस्टचे नियंत्रण कंपनीच्या संगणकाकडेच असते. कोणत्या क्षणी किती दाब हवा, हे त्याला ठाऊक असते. बाहेरून कंट्रोलर लावून दाब वाढवला, तर संगणकाला अपेक्षेपेक्षा जास्त दाब दिसतो. तो ‘पी ०२३४’ हा अतिरिक्त बूस्टचा दोष नोंदवतो आणि गाडीची ताकद सक्तीने कमी करतो. अशा गाड्यांत वाढ करायची झाल्यास ती संगणकातील आज्ञावली बदलूनच करावी लागते. तिथे वेगळ्या कंट्रोलरचा उपयोग नाही.

काही इंजिनांत तर वेस्टगेट दाबाच्या नळीवर चालतच नाही. चाकणच्या कारखान्यातील फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गाड्यांना मिळणाऱ्या एक लिटरच्या टीएसआय इंजिनात वेस्टगेट हलवण्याचे काम विजेची मोटर करते. तिथे नळी कापून सोलेनॉइड बसवण्याला जागाच नाही.

डिझेल गाड्यांची गोष्ट आणखी वेगळी. डिझेल इंजिनाची ताकद मुख्यतः किती डिझेल फवारले जाते यावर ठरते. इंधन तेवढेच ठेवून नुसता बूस्ट वाढवल्यास पिकअपमध्ये फारसा फरक पडत नाही. टर्बो मात्र झिजतो. शिवाय अनेक डिझेल इंजिनांच्या टर्बोत वेस्टगेटऐवजी दिशा बदलणारी पाती असतात. एकेकाळी अनेक कंपन्यांच्या गाड्यांत दिसणाऱ्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेलच्या ७५ अश्वशक्तीच्या आवृत्तीत साधा टर्बो होता, तर ९० अश्वशक्तीच्या आवृत्तीत अशी पाती होती. पात्यांच्या टर्बोला वेस्टगेटसाठी बनवलेला कंट्रोलर चालत नाही.

मग हे उपकरण कोणासाठी? वेस्टगेट नळीवर चालते अशा जुन्या टर्बो पेट्रोल गाड्यांसाठी, बाहेरून टर्बो बसवलेल्या प्रकल्पांसाठी आणि शर्यतीच्या गाड्यांसाठी. भारतात कारखान्यातून टर्बो पेट्रोल इंजिनासह आलेल्या सुरुवातीच्या मोटारींपैकी एक म्हणजे २००४ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. तिच्या १.८ लिटर इंजिनाची ताकद १५० अश्वशक्ती होती. त्या पिढीच्या गाड्यांतही संगणकाचे बूस्टवर लक्ष असतेच. त्यामुळे कंट्रोलर आणि मूळ संगणक यांत भांडण होणार नाही ना, हे तज्ज्ञाकडून आधी तपासून घ्यावे. ज्या इंजिनाला स्वतंत्र, जुळवता येणारा संगणक बसवला आहे, त्यात बहुधा बूस्ट नियंत्रणाची सोय असतेच. तिथे केवळ चांगली सोलेनॉइड पुरते.

निवडताना काय पाहावे?

जपानच्या एचकेएस आणि ग्रेडी, ऑस्ट्रेलियाची टर्बोस्मार्ट, अमेरिकेची एईएम ही या क्षेत्रातील परिचित नावे. एचकेएसच्या कंट्रोलरमध्ये सोलेनॉइडऐवजी पायरी-पायरीने फिरणाऱ्या मोटरची झडप असते. एईएमच्या एका उपकरणात दाबमापकाची तबकडी आणि कंट्रोलर एकत्र येतात. नावापेक्षा पुढील बाबी तपासणे महत्त्वाचे.

पहिली बाब सेन्सरची. तो किती दाबापर्यंत मोजतो, हे पाहावे. ‘२ बार’ असे लिहिलेला सेन्सर बहुधा निरपेक्ष दाब मोजतो; म्हणजे त्यात वातावरणाचा सुमारे एक बार धरलेला असतो. प्रत्यक्ष बूस्टसाठी उरतो एकच बार. लक्ष्य जितके, त्याहून बराच वर जाणारा सेन्सर असावा.

दुसरी बाब सोलेनॉइडची. दोन तोंडांची सोलेनॉइड नळीतील दाब केवळ बाहेर सोडते. तीन तोंडांची सोलेनॉइड दाब अडवते आणि डबीतील दाब मोकळाही करते, त्यामुळे ती अधिक नेमकी असते. टर्बोच्या आत बसवलेल्या वेस्टगेटसाठी सामान्यतः हीच योग्य. बाहेर स्वतंत्र बसवलेल्या, दोन्ही बाजूंनी दाब देता येणाऱ्या वेस्टगेटला चार तोंडांची सोलेनॉइड लावतात.

तिसरी आणि सर्वांत मोलाची बाब म्हणजे अतिबूस्टची सुरक्षा. ठरवलेली मर्यादा ओलांडताच ड्यूटी शून्यावर आणणारी आणि इशारा देणारी सोय नसेल, तर तो कंट्रोलर घेऊ नये. याशिवाय गिअरनुसार किंवा फेऱ्यांनुसार वेगवेगळा बूस्ट ठेवता येतो का, किमान दोन जुळण्या साठवता येतात का आणि दाबाची नोंद जतन होते का, हे पाहावे. पावसाळ्यासाठी कमी बूस्टची वेगळी जुळणी ही चैन नव्हे, गरज आहे. नामांकित कंपन्यांच्या नावाने नकली मालही विकला जातो. ज्याच्या सेन्सरवर विश्वास नाही, त्या कंट्रोलरने दाखवलेला आकडा निरर्थक असतो.

खर्चाचा हिशेब करताना केवळ कंट्रोलर धरू नये. हवा-इंधनाचे प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर, दाबमापक, थंड स्पार्क प्लग आणि डायनोवरील चाचणी यांसाठी पैसे बाजूला ठेवावेत. हे परवडत नसेल, तर कंट्रोलरही परवडत नाही, असेच समजावे.

उंची आणि उन्हाळा

परदेशी माहितीपुस्तिकांतील आकडे बहुधा समुद्रसपाटीचे आणि थंड हवेचे असतात. बारामती परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. मुंबईत वातावरणाचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. या उंचीवर तो सुमारे ९५ किलोपास्कल भरतो, तर महाबळेश्वरला ८६ च्या आसपास.

समजा, कंट्रोलर ०.८ बार बूस्ट राखत आहे. मुंबईत टर्बोला बाहेरच्या हवेचा दाब सुमारे १.८ पट करावा लागतो, महाबळेश्वरला सुमारे १.९ पट. निरपेक्ष दाबावर चालणारा कंट्रोलर असेल, तर तो घाटमाथ्यावरही मुंबईइतकाच एकूण दाब मागतो. मग महाबळेश्वरला टर्बोला दाब २.१ पट करावा लागेल. छोटा टर्बो अशा वेळी त्याच्या क्षमतेबाहेर फिरू लागतो. म्हणून आपला कंट्रोलर निरपेक्ष दाब धरतो की वातावरणाच्या वरचा दाब, हे माहीत असलेच पाहिजे.

उन्हाळा हा दुसरा शत्रू. हवा दाबली, की तापते. बाहेर ४० अंश तापमान असताना, टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरल्यास, दीडपट दाबलेली हवा सुमारे ९५ अंशांवर जाते. दाब १.८४ पट केला, तर ती सुमारे १२५ अंशांवर पोहोचते. इंटरकूलर ती थंड करतो, पण चाळीस अंशांच्या हवेने तो किती थंड करणार? तापलेली हवा विरळ असते आणि इंजिनात ‘नॉकिंग’ला, म्हणजे इंधन ठिणगीच्या पसरणीआधी आपोआप पेटण्याला निमंत्रण देते. डिसेंबरच्या पहाटे उत्तम चाललेली जुळणी एप्रिलच्या दुपारी पिस्टन फोडू शकते, ती यामुळेच.

टाकीतले पेट्रोल

नॉकिंग टाळण्याची पेट्रोलची क्षमता ऑक्टेन या आकड्याने सांगतात. बीएस-६ निकषांत साध्या पेट्रोलसाठी किमान ९१ आणि उच्च प्रतीच्या पेट्रोलसाठी ९५ ऑक्टेन धरला आहे. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचे पेट्रोल निवडक शहरांत आणले आणि त्यांत पुण्याचा समावेश होता. शहरात असे पेट्रोल भरून जुळणी करून घ्यायची आणि गावाकडे आल्यावर जवळच्या पंपावर मिळेल ते भरायचे, ही घातक सवय आहे. जुळणी नेहमी जे पेट्रोल सहज मिळते, त्यावरच करावी. त्याहून चांगले मिळाले, तर तो बोनस समजावा.

यात बारामती-इंदापूरच्या ऊस उत्पादकांचाही एक धागा आहे. उसापासून निघणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते आणि २०२५ मध्ये देशाने २० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला. इथेनॉलचा ऑक्टेन साध्या पेट्रोलपेक्षा बराच जास्त असतो. बाष्पीभवन होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषते. त्यामुळे टर्बो इंजिनाला ते नॉकिंगच्या दृष्टीने उपकारक आहे. मात्र त्यात ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. तेवढीच ताकद हवी, तर अधिक इंधन फवारावे लागते. इंजेक्टर आणि इंधनपंप त्या क्षमतेचे हवेत.

मापकाच्या वाचनातही फरक पडतो. शुद्ध पेट्रोलसाठी हवा-इंधनाचे आदर्श प्रमाण १४.७ धरतात, २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलसाठी ते सुमारे १३.५ येते. जुना आकडा डोळ्यांपुढे ठेवून जुळणी केल्यास फसगत होते. यावर सोपा उपाय म्हणजे मापक ‘लॅम्बडा’ या एककात वाचणे. इंधन कोणतेही असो, आदर्श प्रमाण म्हणजे लॅम्बडा १. पूर्ण बूस्टवर पेट्रोल इंजिनात तो साधारण ०.८० ते ०.८५ च्या दरम्यान राखण्याची पद्धत आहे.

बसवणी

कंट्रोलर हाती घेण्यापूर्वी इंजिनाची प्रकृती तपासावी. हवेच्या नळ्यांत गळती, जुने प्लग, अर्धवट तुंबलेला फिल्टर किंवा कमी कॉम्प्रेशन असेल, तर आधी ते दुरुस्त करावे. त्यानंतर सोलेनॉइड न लावता मूळ बूस्ट किती मिळतो, याची नोंद घ्यावी.

सोलेनॉइड टर्बोच्या जवळ, पण उष्णतेपासून दूर बसवावी. नळी जितकी लांब, तितका प्रतिसाद उशिरा. नळ्या उष्णता सहन करणाऱ्या हव्यात आणि प्रत्येक टोकाला क्लिप हवी. वेस्टगेटच्या डबीची नळी निसटली, तर बूस्ट बेलगाम होतो; एका क्लिपची किंमत इंजिनाएवढी ठरू शकते. वेस्टगेटसाठीचा दाब टर्बोच्या मुखापासून घ्यावा. कंट्रोलरच्या सेन्सरसाठीचा दाब मात्र थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डमधून घ्यावा. इंधनदाब नियंत्रकाच्या नळीला फाटा मारून सेन्सर जोडण्याची काहींची रीत टाळावी.

तीन तोंडांच्या सोलेनॉइडची जोडणी अशी असावी, की वीज गेली तर पूर्ण दाब डबीला पोहोचेल. म्हणजे तार तुटली, फ्यूज उडाला, तरी गाडी मूळ बूस्टवर येईल. उलट जोडणी झाली, तर बिघाड होताच बूस्ट कमालीवर जाईल. जोडणीनंतर सोलेनॉइडचा प्लग काढून गाडी चालवावी आणि मूळ बूस्टच मिळतो, याची खात्री करावी. ही साधी चाचणी वगळू नये. विजेचा पुरवठा किल्लीवर चालणाऱ्या तारेतून, स्वतंत्र फ्यूजसह घ्यावा.

दाब जुळवताना

जुळणी डायनोवर, म्हणजे गाडी रोलरवर उभी करून चालवता येते अशा यंत्रावर करावी. आरंभी ड्यूटी शून्य आणि अतिबूस्टची मर्यादा लक्ष्यापेक्षा ०.१ ते ०.१५ बार वर ठेवावी. तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांपासून पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन बूस्ट, लॅम्बडा आणि नॉकिंग यांची नोंद घ्यावी. मग ड्यूटी पाच टक्क्यांनी वाढवावी आणि पुन्हा नोंद घ्यावी. ड्यूटी आणि बूस्ट यांचे नाते सरळ रेषेतले नसते. काही टप्प्यांवर पाच टक्के वाढवूनही फरक दिसत नाही आणि पुढच्या दोन टक्क्यांत बूस्ट उसळी घेतो. म्हणून लक्ष्याजवळ आल्यावर पायरी लहान करावी.

लक्ष्य गाठताना बूस्ट क्षणभर वर उसळून मग खाली येत असेल, तर ‘गेन’ कमी करावा. बूस्ट वर-खाली हेलकावत असेल, तरीही उपाय तोच. काही कंट्रोलरमध्ये वेस्टगेट कोणत्या दाबापर्यंत पूर्ण बंद ठेवायची, याचा वेगळा आकडा असतो. तो वाढवल्यास टर्बो लवकर जागा होतो. अति वाढवल्यास उसळी येते. लक्ष्याच्या बराच खाली ठेवून तो हळूहळू वर न्यावा.

वरच्या फेऱ्यांवर बूस्ट घसरू लागला, तर ड्यूटी वाढवून त्याचा पाठलाग करू नये. बहुधा टर्बो त्याच्या मर्यादेला पोहोचलेला असतो किंवा एक्झॉस्टच्या दाबाने वेस्टगेट स्वतःच उघडत असते. जबरदस्तीने फिरवलेला टर्बो अधिक हवा देत नाही, अधिक उष्णता देतो. स्प्रिंगच्या मूळ बूस्टच्या दुपटीहून पुढे जाण्याची इच्छा असेल, तर कंट्रोलरवर भार टाकण्याऐवजी वेस्टगेटची स्प्रिंग बदलणे शहाणपणाचे.

नॉकिंगचा एक ठोका जरी ऐकू आला किंवा लॅम्बडा एकच्या दिशेने सरकू लागला, तर तिथेच थांबावे. आधी इंधन आणि ठिणगी जुळवावी, मगच बूस्ट वाढवावा. सर्व समाधानकारक झाल्यावर मिळालेल्या कमाल बूस्टमधून थोडा कमी करून तीच रोजची जुळणी ठरवावी. उन्हाळ्यातील भर दुपारी ती पुन्हा तपासावी.

रस्ता, कायदा आणि विमा

डायनोचे पैसे वाचवण्यासाठी मोकळ्या दिसणाऱ्या रस्त्यावर चाचणी घेण्याचा मोह होतो. परंतु बारामती-इंदापूर हा संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मार्ग आहे. आषाढी वारीत काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते. गळीत हंगामात याच रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या आणि दिवे नसलेल्या ट्रॉल्या रात्रीही असतात. पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन मापकाकडे पाहणाऱ्या चालकाला समोरची ट्रॉली दिसेलच, याची हमी कोणी द्यावी? ड्रॅग शर्यतींसाठी लोणावळ्याजवळील अँबी व्हॅलीच्या धावपट्टीसारख्या बंदिस्त जागा वापरल्या गेल्या आहेत. वेगाची हौस अशाच ठिकाणी भागवावी.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या आणि नोंदणीपत्रात असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनुसार, नियमबाह्य बदल करणाऱ्या वाहनमालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो, तर वाढवलेल्या बूस्टमुळे मोडलेल्या इंजिनाची वॉरंटी मागणे अवघड होते.

त्यामुळे रोज कामावर नेण्याच्या, वॉरंटीतील नव्या मोटारीसाठी हे उपकरण नाही. शर्यतीच्या किंवा प्रकल्पाच्या गाडीसाठी ते घेणाऱ्याने मात्र क्रम पाळावा. आधी इंजिनाची प्रकृती, मग मापके, मग इंधनाची सोय आणि शेवटी बूस्ट. हा क्रम पाळणाऱ्यांना बहुधा असा अनुभव येतो, की गळती काढून आणि मूळ बूस्ट नीट जुळवूनच गाडी एवढी सुधारते, की पुढच्या ०.२ बारची घाई राहत नाही. गॅरेजमध्ये कोणी कंट्रोलर बसवून देण्याची तयारी दाखवली, तर त्याला एवढेच विचारावे, ‘या गाडीचा मूळ बूस्ट किती आहे आणि पूर्ण दाबावर लॅम्बडा किती राहतो?’ या दोन प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मिळाली नाहीत, तर गाडीची किल्ली त्याच्या हाती देऊ नये.